मिशनच्या सेवेत असताना निसर्गातून देवाची प्रीती कशी अनुभवावी?

दिवसभर लोकांना देवाच्या प्रीतीबद्दल सांगता, पण स्वतःला ती जाणवेनाशी झाली आहे, आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यानं ती पुन्हा जाणवेल का, असं तुम्ही विचारलं आहे. मीही मिशनच्या सेवेत आहे. माझ्या अनुभवानं उत्तर 'हो' असंच आहे. फक्त तिथं उपदेशक म्हणून जाऊ नका.

आपल्याला एक सवय जडलेली असते. पाखरू दिसलं की रविवारच्या उपदेशासाठी दाखला तयार होतो आणि पाखरू बघायचं राहून जातं. मत्तय ६ मध्ये येशू पाखरांकडे निरखून बघायला सांगतो. ती पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो. आपल्या डोक्यात मात्र सतत किती पेरलं, किती उगवलं हाच हिशोब. म्हणून मी वही-पेन, फोन काही न घेता एकाच झाडापाशी पुन्हा पुन्हा जाऊन बसते. पालवी, मुंग्यांची रांग, सालीवरचं शेवाळ, सगळं नुसतं बघते. तिथं माझ्याकडून कुणाला काही नको असतं. सेवेत असलेल्या माणसाला असं नुसतं घेणारं होऊन बसणं फार जड जातं, पण प्रीती तशीच घ्यावी लागते.

मला सर्वांत जास्त धीर देतो तो पाऊस. मत्तय ५:४५ म्हणतं, पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये सुवार्ता सांगत फिरणारे पौल आणि बर्णबा लुस्त्र नावाच्या नगरात होते. पांगळा बरा झाला म्हणून लोक त्यांनाच देव समजून बैल आणि हार घेऊन आले. त्या लोकांसमोर पौलानं संदेष्ट्यांची वचनं काढली नाहीत. देवानं तुम्हांला आकाशातून पाऊस दिला, फळं देणारे ऋतू दिले, अन्नानं आणि आनंदानं तुमची मनं भरली, असं तो म्हणाला. म्हणजे पौल तिथं पोचण्याच्या कितीतरी आधीपासून देव त्या लोकांवर प्रीती करत होता. ज्यांनी माझं ऐकून घेतलं नाही त्यांच्याही शेतावर तो बरसतो, हे मला कळलं तेव्हा खांद्यावरचं मोठं ओझं उतरलं. ईयोब ३८ तर आणखी पुढं जातं: जिथं माणूसच नाही अशा ओसाड जमिनीवरही देव पाऊस पाडतो. ती प्रीती कशाच्या बदल्यात नाही.

इंग्लंडचे मिशनरी विल्यम केरी १७९३ साली भारतात आले. बायबलची भाषांतरं करता करता त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मोठी बाग उभी केली आणि १८२० साली कृषी व उद्यानविद्येची संस्था काढली. आपल्याकडच्या कुंभा झाडाच्या शास्त्रीय नावात, 'केरिया'मध्ये, त्यांचंच नाव आहे. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी सावलीत झटकली, तर तिथं डेझीचं रोपटं उगवलं. मायदेश सोडल्यापासून न दिसलेलं ते साधं फूल बघून त्यांना झालेला आनंद त्यांच्या पत्रात वाचायला मिळतो. १८२३ साली पुरानं ती बाग उद्ध्वस्त केली. त्यांनी पुन्हा लावायला घेतली.

पूर, दुष्काळ, साप यांबद्दल कुणीतरी तुम्हांला विचारेलच. सगळी सृष्टी कण्हत आहे, असं रोमकरांस पत्र ८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, ते लपवू नका. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे सृष्टीतून देवाचं सामर्थ्य आणि देवपण दिसतं. त्याच्या प्रीतीचं प्रमाण पाचव्या अध्यायात ख्रिस्ताच्या मरणात दिलं आहे. म्हणून मी वधस्तंभाकडून झाडाकडे येते. उलट दिशेनं गेले तर एका वादळात माझा विश्वास डळमळेल.

आणि तुमचा कोरडेपणा थकव्यातून आलेला असेल, तर एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचा, १ राजे १९. तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला. देवदूतानं त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी त्यानंतरची. तेव्हा आधी वरिष्ठांकडे सुट्टी मागा, पोटभर जेवा, झोपा, आणि मग बाहेर पडा.