जास्तीच्या शिफ्टला हो म्हणायच्या आधी

डिसेंबरमधे दुकानात जास्तीच्या शिफ्ट मिळतायत, घेऊ का, असं विचारलंयस. घे की, पण आधी पेस्लिप घेऊन बस.

तू आईला सांभाळतेस म्हणून ब्रिटनचं सरकार तुला जो केअरर्स अलाउन्स देतं, त्यासाठीची कमाईची मर्यादा २०२५च्या एप्रिलपासून आठवड्याला १५१ पौंडांवरून १९६ वर नेली, म्हणजे किमान वेतनाने सोळा तास काम केलं तर जेवढे होतात साधारण तेवढी, आणि ती किमान वेतनालाच जोडलीय, त्यामुळे पूर्वी एप्रिलमधे पगार वाढला की तेवढ्यानेच लोकांचा अलाउन्स जायचा तसं आता व्हायला नको. चांगलं झालं. पण सगळ्यांनी 'नियम सैल झाला' एवढंच ऐकलंय. कडा तसाच आहे गं, फक्त थोडा लांब सरकलाय. २०२५-२६मधे १९६ ला आठवड्याचे पूर्ण ८३.३० आणि १९७ झाले की काहीच नाही. (आकडे दर एप्रिलला बदलतात.) एक पौंड जास्त झाला तर एक पौंड कापा ना! शेजारी आयर्लंडमधे उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झालं तर भत्ता हळूहळू कमी होतो, आणि तिथे तर मीन्स टेस्टच, म्हणजे उत्पन्न बघून भत्ता ठरवणंच, काढून टाकायचं सरकारने कबूल केलंय.

आता तुझं. हातात मर्यादेपेक्षा थोडे जास्त दिसले म्हणून घाबरू नकोस, मर्यादा ही टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स कापल्यानंतरची रक्कम आहे आणि तू पेन्शनमधे भरतेस त्यातलं अर्धंही वजा होतं. तू कामावर असताना आईकडे बघायला पैसे देऊन कोणी ठेवलंस, जवळचं नातेवाईक नसलेलं, तर तो खर्चसुद्धा काही प्रमाणात धरतात. हे फॉर्म भरताना कोणी आपणहून सांगत नाही.

आणि 'टॅक्सवाल्यांकडून अलाउन्स देणाऱ्यांना कळतंच की' या भरवशावर राहू नकोस. कळत होतं, पण कमाई मर्यादेबाहेर गेल्याचे जे अलर्ट यायचे ते सगळेच्या सगळे तपासले जात नव्हते, म्हणून तर जास्त दिल्या गेलेल्या अलाउन्सची हजारो पौंडांची वसुली लोकांच्या डोक्यावर बसली. कमीजास्त पगाराची सरासरी कशी काढायची याच्या सूचनाच २०१५ पासून चुकीच्या होत्या असं सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या लिझ सेस यांच्या अहवालात आलं, ते २०२५च्या नोव्हेंबरात. तेव्हा पगार बदलला की स्वतः ऑनलाइन कळव, स्क्रीनशॉट ठेव, आणि तुझे तास खालीवर होतात तर सरासरी धरा असं लेखी माग.

आईला सांभाळायचे पैसे काय घ्यायचे, असं मावशी म्हणाल्या ना? त्यांना सांग, इथे १९८६ पर्यंत लग्न झालेल्या बाईला हा भत्ता मिळतच नव्हता, घरी राहून सांभाळणं तिचंच काम असं सरकारनेच धरलं होतं. एका बाईने युरोपच्या कोर्टापर्यंत भांडून ते बदलायला लावलं. आठवड्याला पस्तीस तास सांभाळल्याचे हे पैसे आहेत, कोणाचे उपकार नाहीत.

तुझ्या त्या स्टुडंट व्हिसावरच्या मैत्रिणीला मात्र परस्पर अर्ज करू देऊ नकोस, हा अलाउन्स पब्लिक फंड्समधे, म्हणजे व्हिसावाल्यांना सहसा बंद असलेल्या सरकारी मदतीत, मोडतो, आधी व्हिसाची अट वाचायला सांग. आणि गेल्या तीन पेस्लिपचे फोटो पाठव, रविवारी बसून बघू.