नदीतलं सोनं धरायला स्लूस बॉक्समधले रिफल किती उंच आणि किती अंतरावर असावेत?

तुम्ही विचारलंय की न्यूझीलंडमधल्या ॲरोटाउनला हौसेनं सोनं शोधायला जायचं आहे, स्लूस बॉक्स (वाहत्या पाण्यात तिरकी ठेवून वाळूतलं सोनं वेगळं करायची लांबट पेटी) घरीच बनवताय, तर रिफल, म्हणजे तिच्या तळाशी लावायच्या आडव्या पट्ट्या, दीड इंच उंच ठेवू की दोन इंच, आणि दोहोंत अंतर किती सोडू.

दोन्ही नको. हाताने चालवायच्या छोट्या पेटीत १२ ते २० मिलिमीटर उंची भरपूर झाली. अंतर उंचीच्या साधारण अडीचपट, म्हणजे २० मिलिमीटरच्या पट्टीला ५० मिलिमीटर. बाजारात मिळणारा पाऊण इंची ॲल्युमिनियमचा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) कापून काम भागतं.

मी ड्युनिडिनला राहते, नोकरी पत्र्याच्या डिझाइनची. त्यामुळे पहिली पेटी बनवताना भलताच आत्मविश्वास होता. चांगल्या ४० मिलिमीटर उंच लाकडी पट्ट्या ठोकल्या. हिशेब असा की भिंत जितकी उंच तितकं सोनं पळणं अवघड. दहा मिनिटांत पट्ट्यांमागची जागा काठोकाठ भरली आणि वाळू अशी घट्ट बसली की बोट रुतेना. त्यानंतर दिवसभर मी जे काही ओतलं, ते त्या फरशीवरून सरळ ॲरो नदीत परत गेलं. बर्फाच्या पाण्यात पाच तास पाय बधिर करून हाती आले चार कण, तेही सगळ्यात वरच्या पट्टीत.

चूक मापाची होती तशीच समजुतीचीही होती. रिफल म्हणजे बंधारा नव्हे. तो पाण्याला ठेच लावतो. ठेच लागलेलं पाणी पट्टीवरून उडी मारून पलीकडे खाली वळतं आणि पट्टीच्या मागे आडवा भोवरा तयार होतो. तो भोवरा हलकी रेती उचलून पुढे फेकत राहतो आणि जड माल खाली बसू देतो. आजी तांदूळ रोळायची ते आठवतंय? पाण्यात भांडं गोल फिरवायचं, तांदूळ वरच्या वर दुसऱ्या भांड्यात जायचे आणि खडे तळाशी राहायचे. रोळणं थांबलं की खडे आणि तांदूळ पुन्हा एक. पट्टी फार उंच झाली की भोवरा तळापर्यंत पोचत नाही, खालची वाळू मरते आणि रोळणं थांबतं.

मग सोनं एवढं जड असून वाहून का जातं? पाण्यात बुडालेली वस्तू आपल्या आकाराएवढ्या पाण्याचं वजन गमावते. सोन्याची घनता १९.३, त्याचे राहिले १८.३, गारगोटीची २.६५, तिचे राहिले १.६५. म्हणजे हवेत सातपट जड असलेलं सोनं पाण्यात अकरापट जड. ऐकायला झकास. पण ही मिजास जाडसर दाण्याची. आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतं ते गोट्यांखाली कुटून चपटं झालेलं, कोंड्यासारखं सोनं. ते पाण्यात पानासारखं तरंगत, गिरक्या घेत खाली येतं. त्याला बसायला वेळ लागतो, आणि जोराच्या पाण्यात तो वेळ मिळत नाही.

म्हणून रिफलपेक्षा मी चाळणीला जास्त मान देते. हे ऐकून तुमचा हिरमोड होईल, कारण चाळणीचं डिझाइन करण्यात काही मजा नाही. पण बघा, पेटीत मुठीएवढा गोटा टाकला तर तो ढकलायला पाणी जोरात सोडावं लागतं, आणि तेच पाणी बारीक सोनं घेऊन जातं. १० ते १२ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेलाच माल टाकलात तर उथळ, शांत पाणी पुरतं आणि बुटके रिफल चालतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या युकॉनमध्ये किरणोत्सारी केलेले सोन्याचे कण खाणीतल्या मोठाल्या पेट्यांत सोडून ते कुठे अडकतात हे तपासलं होतं. तिथेही कौल याच बाजूचा: माल चाळून घ्या, एक इंची अँगल दोन-अडीच इंचांवर बसवा, बारीक सोन्यासाठी एक्स्पांडेड मेटलची जाळी (पत्र्याला चिरा पाडून ताणून केलेली) वापरा. त्या पेट्यांत ट्रकच्या ट्रक माल जातो, आपल्याकडे बादली आणि फावडं. तरी उंची आणि अंतराचं गुणोत्तर तेच निघतं.

अँगल बसवताना त्याची आडवी बाजू वर, आणि पाणी ज्या दिशेनं जातं त्या दिशेला वळलेली हवी, ओठ पुढे काढल्यासारखी. भोवरा त्या ओठाखाली तयार होतो. उलट बसवलात तर उंबरा तेवढा होईल. जाळीचंही तसंच. पाण्याच्या दिशेनं हात फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर बोटांना खरवडणारी, माशाच्या खवल्यांसारखी लागली पाहिजे. जाळीखाली खाचांची रबरी मॅट घाला. माझ्या आत्ताच्या पेटीत, २५ सेंटिमीटर रुंद आणि ९० लांब, वरच्या टोकाला वीतभर नुसती काळी मॅट आहे. पिवळा कण काळ्यावर लगेच दिसतो, त्यामुळे खणतोय ती जागा बरी आहे की नाही हे पहिल्या दोन बादल्यांत कळतं. पुढे सहा अँगल, शेवटी जाळी.

उतार फुटाला इंच, म्हणजे माझ्या ९० सेंटिमीटरला साडेसात. इथून सुरुवात करा आणि मग टेप बाजूला ठेवून पाण्याकडे बघा. रिफलवरून दोन-तीन सेंटिमीटर पाणी जावं. प्रत्येक पट्टीमागची वाळू थरथरत, उकळत्या भातासारखी हलत राहावी आणि पट्टीचा ओठ उघडा दिसावा. ओठ बुजायला लागले तर पाणी शिरतं ते वरचं टोक बोटभर उचला. पट्ट्यांमागे नुसता धातू चमकायला लागला तर उतार जास्त झालाय, खाली करा. काळी वाळू वेगळ्याच तऱ्हेनं छळते. तिच्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाची घनता ५.२ असते, त्यामुळे भोवरा तिला सहज हाकलू शकत नाही आणि ती हळूहळू जागा अडवते. तिच्यावर डिझाइनमध्ये उपाय शोधत बसू नका. तास-दीड तासानं रिफल बसवलेली चौकट उचला, मॅट बादलीत धुवा, परत लावा.

त्यासाठीच चौकट सुटी ठेवा, वेल्ड करू नका. दोन खिट्ट्या पुरतात.

पंप-मोटर मनातून काढून टाका. सार्वजनिक सोनं-शोध क्षेत्रात हाताची, बिनमोटरची साधनंच चालतात, आणि ॲरोचा तो पट्टा तसाच आहे.

आपल्याकडे सराफ कट्ट्यातली धूळ धुणारे झारेकरी हे सगळं एका परातीत करायचे. ना पट्टी ना मॅट, सगळा भोवरा मनगटात. आपलं मनगट तसलं नाही म्हणून हा खटाटोप.

नदीवर नेण्याआधी अंगणात एक चाचणी घ्या. मागच्या खेपेचे किंवा कोणाकडून मागून आणलेले वीस बारीक कण मोजून घ्या, बादलीभर धुतलेल्या रेतीत मिसळा आणि रिफलवरून दोन-तीन सेंटिमीटर जाईल इतक्या पाण्यावर पेटी चालवा; बागेची एक नळी त्याला पुरणार नाही. खाली टब ठेवा, म्हणजे निसटलेले हरवणार नाहीत. नंतर पेटीतले मोजा, टबातले परातीत धुऊन मोजा, आणि पेटीतले कुठल्या पट्टीत सापडले तेही लिहून ठेवा. बहुतेक कण पेटीच्या वरच्या एक-तृतीयांश भागातच असायला हवेत. शेवटच्या जाळीत बरेच निघाले तर काही टबातही गेलेत असं समजा. धुताना कण पाण्यावर तरंगले तर घाबरू नका. घरच्या परातीत भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की खाली बसतात. नदीत मात्र साबण नको.

विसातले सोळा-सतरासुद्धा आले नाहीत तर इथेच खाली फोटो टाका. नुसत्या पट्ट्यांचा नको, पाणी वाहत असताना बाजूनं काढलेला.