इबादानच्या हिस्ट्रीचे पेपर कमी दिसतात म्हणून लेकीने पीएचडी सोडावी का?

पत्र नायजेरियातल्या लागोसहून आलंय, एका बाबांचं. थोडक्यात असं की ते बरीच वर्षं तिथे औषधांच्या कंपनीत आहेत, लेक तिथेच वाढली, शेजारपाजारच्या पोरांत खेळून तिथली योरुबा भाषा बोलायला शिकली, मग पुण्यात येऊन बी.ए. केलं आणि आता इतिहासात एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. तिला परत जाऊन इबादान युनिव्हर्सिटीत इतिहासात पीएचडी करायचीय, योरुबा तोंडी परंपरेवर. बाबांनी काय केलं, इंटरनेटवर एका मोठ्या डेटाबेसमध्ये इबादानचे पेपर विषयाप्रमाणे मोजले. मेडिकलचे ढीगभर, त्याखाली शेती आणि सायन्स, आणि इतिहास शोधायला खाली खाली जावं लागलं. ते लिहितात, "जिथे रिसर्चच होत नाही तिथे पोरीची पाच वर्षं कशाला घालवायची? तुम्हीच तिला पब्लिक हेल्थकडे वळवा."

नमस्कार,

तुम्ही स्वतः बसून आकडे काढलेत हे मला मनापासून आवडलं, बहुतेक पालक नुसतं "स्कोप आहे का" एवढंच विचारतात. पण तुमच्या आकड्यांतून जो निष्कर्ष निघाला तो मला मान्य नाही, आणि का ते जरा सविस्तर सांगते, कारण मार्गदर्शनाच्या कामात यायच्या आधी मी बरीच वर्षं युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत होते आणि अशाच याद्या करायचं काम माझ्याकडे होतं. एकदा वरून आदेश आला, सगळ्या विभागांचे पेपर मोजून उतरत्या क्रमाने लावा. लावले. केमिस्ट्री वर, मराठी तळाला. त्या वर्षी मराठी विभागातल्या एका सरांचं बारा वर्षं खपून केलेलं हस्तलिखितांचं संपादन छापून आलं होतं, दोन जाड खंड, आणि माझ्या तक्त्यात त्याचा आकडा होता शून्य, कारण रकाना फक्त जर्नलमधल्या पेपरचा होता. पुढच्या वर्षी त्या विभागाचे पुस्तकखरेदीचे पैसे कापले गेले. तो तक्ता माझ्या हातचा होता आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर दुसरं काही करायच्या आधी हे लिहायला घेतलं.

आता इबादान. तुम्ही काढलेला मेडिकलचा आकडा खोटा नाही, त्यामागे खरंच मोठं काम आहे. त्यांचं युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटल १९५७ पासून चालू आहे. तिथल्या ओसुंतोकुन नावाच्या न्यूरोलॉजिस्टनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की ज्या गावांत लोक जवळजवळ नुसत्या कसाव्यावर जगतात तिथे पाय लटपटणं, नजर मंदावणं असा नसांचा आजार दिसतो आणि त्याचा संबंध नीट प्रक्रिया न केलेल्या कसाव्यातल्या सायनाइडशी आहे. (कसावा म्हणजे तुमच्या तिथली गारी ज्याची होते तो, आणि आपला साबुदाणाही त्याच कंदाचा.) नंतर १९९० च्या दशकात इबादानमधल्या वयस्कर योरुबा लोकांची तुलना अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या आफ्रिकन अमेरिकन लोकांशी केली, डिमेन्शिया कुठे जास्त ते बघायला, आणि इबादानमध्ये प्रमाण बरंच कमी निघालं. असा प्रकल्प वर्षानुवर्षं चालतो, दोन देशांच्या टीम असतात, पैसा मुख्यतः अमेरिकेचा, आणि एकाच माहितीतून एकामागून एक पेपर निघत राहतात, प्रत्येकावर दहा-पंधरा नावं. जागतिक आजारांच्या काही पेपरवर तर शेकडो लेखक असतात, जगभरातले. त्यात इबादानचा एक डॉक्टर असला तरी डेटाबेस तो अख्खा पेपर इबादानच्या खात्यात धरतो.

इतिहासवाला मात्र एकटा बसतो. चार-पाच वर्षं दप्तरं चाळतो, गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलतो, आणि शेवटी एक पुस्तक येतं, त्यावर एकच नाव. असे डेटाबेस मूळचे जर्नल मोजायला बनलेत, त्यात इंग्रजी जर्नल, त्यातही अमेरिका-युरोपातून निघणारी जास्त, पुस्तकं त्यात कमी सापडतात आणि योरुबात लिहिलेलं तर विचारूच नका. नायजेरियात निघणारी कितीतरी जर्नल त्यात नाहीत, त्यातली बरीच आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन नावाच्या साइटवर मिळतील, ती १९९८ ला सुरू झाली आणि आता दक्षिण आफ्रिकेतून चालते, तिथे एकदा शोधून बघा. सायटेशनचंही तसंच, मेडिकलमधला पेपर दोन-तीन वर्षांत सगळे उद्धृत करतात आणि मग तो जुना होतो, इतिहासातलं चांगलं पुस्तक पंधरा वर्षांनीसुद्धा लोक काढून वाचतात, पण दोन वर्षांची पट्टी लावली तर ते दिसतच नाही. म्हणजे एका विषयाला दुसऱ्या विषयाशेजारी उभं करून आकडा बघायचाच नाही. इतिहासाची तुलना करायची तर इतिहासाशी करा, नायजेरियातल्याच इफेच्या, न्सुक्काच्या, झारियाच्या युनिव्हर्सिटीतल्या इतिहास विभागाशी, आणि तीही पुस्तकं आणि पीएचडीचे प्रबंध धरून.

आणि विभाग कुठला म्हणताय तुम्ही! इबादान १९४८ ला लंडन युनिव्हर्सिटीचं कॉलेज म्हणून सुरू झालं, १९६२ ला स्वतंत्र झालं, आणि या मधल्या काळात तिथल्या इतिहासकारांनी एक मोठी गोष्ट केली. तोवर आफ्रिकेचा इतिहास म्हणजे गोऱ्यांनी तिथे येऊन काय केलं त्याचा इतिहास, लिखित कागद नाही म्हणजे इतिहास नाही, असं चालायचं. केनेथ डाइक, अजायी वगैरे मंडळींनी तोंडी परंपरा ही इतिहासाची साधनं आहेत असं मांडलं आणि तसं काम करून दाखवलं. जगभर त्याला इबादान स्कूल म्हणतात. नायजेरियाचं नॅशनल अर्काइव्ह्ज उभं राहिलं तेही डाइक यांच्या खटपटीतून, आणि इबादानचं अर्काइव्ह्ज युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्येच आहे. इतिहासाचं त्यांचं जर्नल १९५६ ला सुरू झालं. पुढे बोलान्ले आवे बाईंनी योरुबा ओरिकी, म्हणजे घराण्यांची, माणसांची स्तुतिगीतं, इतिहासाचं साधन म्हणून कशी वाचायची ते लिहिलं. तुमच्या लेकीचा विषय नेमका या वाटेवरचा आहे. पोवाड्यातून इतिहास किती घ्यायचा आणि किती सोडायचा हा वाद तिने पुण्यात ऐकलाच असणार, आता तोच प्रश्न घेऊन ती ओरिकीकडे जातेय, योरुबा तिला बोलता येतं, मराठी घरची आहे. अशी मुलगी मला आजवर भेटलेली नाही, खरंच सांगते.

पब्लिक हेल्थचं म्हणाल तर तो चांगला विषय आहे, पण ज्याला आवडतो त्याला. चिनुआ अचेबे १९४८ ला इबादानला मेडिकलच्या स्कॉलरशिपवर गेले होते, वर्षभरात सोडून इंग्रजी, इतिहास, धर्म या विषयांकडे वळले, स्कॉलरशिप गेली, घरच्यांनी मदत केली म्हणून शिक्षण निभावलं. प्रत्येक मूल अचेबे होत नाही हे मला कळतं, पण मुलाला जबरदस्तीने तिकडे बसवलं की पेपरची संख्या वाढते आणि माणूस मिटतो, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये दरवर्षी बघते.

तुमची काळजी सगळीच चुकीची नाही, फक्त ती चुकीच्या जागी लागलीय. काळजी करायची तर संपाची करा. प्राध्यापकांच्या संघटनेच्या संपामुळे २०२० मध्ये मार्चपासून डिसेंबरपर्यंत आणि २०२२ मध्ये १४ फेब्रुवारीपासून १४ ऑक्टोबरपर्यंत सरकारी युनिव्हर्सिट्या बंद होत्या, हे तुम्ही तिथे राहून बघितलंय. पाच वर्षांचे सात होऊ शकतात, तेवढे पैसे आणि तेवढा धीर धरूनच निघायचं. दुसरी काळजी गाइडची. तुमच्याकडे ज्याला जापा म्हणतात ते प्राध्यापकांमध्येही चालू आहे, चांगली माणसं इंग्लंड-कॅनडाला निघून जातात, तेव्हा गाइड कोण, रिटायर कधी होणार, शेवटच्या पाच विद्यार्थ्यांची पीएचडी किती वर्षांत झाली, हे सरळ पत्र लिहून विचारायचं. विचारायला लाजायचं नाही. स्कॉलरशिपसाठी टेटफंडचे, म्हणजे तिथल्या उच्च शिक्षणाच्या सरकारी फंडाचे, पैसे परदेशी नागरिकाला मिळतील असं धरून चालू नका.

तिसरी गोष्ट, पेपर वाढवायच्या नादात कुठेही छापू नका हे तिला आत्ताच सांगून ठेवा. प्रमोशनला पेपर मोजायला लागले की पैसे घेऊन वाटेल ते छापणारी जर्नल उगवतात, त्यांत छापणाऱ्यांच्या अभ्यासात भारत आणि नायजेरिया ही दोन नावं पुन्हा पुन्हा वर येतात, म्हणजे तिला दोन्ही घरचा धोका. आठवड्यात पेपर स्वीकारतो आणि पैसे आधी भरा असा मेल आला की तो डिलीट करायचा, बस. चांगल्या जर्नलमधले दोन लेख आणि नीट लिहिलेला प्रबंध पुरे.

आणि आता जे सगळ्यात आधी करायचं ते. तिने एम.ए. संपता संपता नेट, म्हणजे इथल्या कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, द्यावी, नायजेरियाला जायच्या आधी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत परदेशी पीएचडीवर थेट असिस्टंट प्रोफेसर व्हायला ती युनिव्हर्सिटी ठरावीक जागतिक रँकिंगमध्ये पहिल्या ५०० मध्ये लागते, आणि इबादान त्यात धरून चालता येत नाही. नेट हातात असेल तर पुढे पुण्यात, मुंबईत, गोव्यात कुठेही अर्ज करायचा रस्ता मोकळा राहतो. नियम बदलत असतात म्हणून अर्जाच्या वेळी परत बघायचे, पण नेट असल्याने नुकसान काहीच नाही. कॉलेजच्या नोकरीपलीकडेही बघा, म्युझियम, अर्काइव्ह्ज, तोंडी इतिहास रेकॉर्ड करून डिजिटल करायचे प्रकल्प, अशा ठिकाणी दोन खंडांच्या भाषा येणारं माणूस लागतं. पगार औषध कंपनीसारखा नसेल, हे तिला आणि तुम्हाला दोघांनाही आधी माहीत असलेलं बरं.

एक विनंती आहे. ती सुट्टीत घरी आली की लागोसहून इबादानची ट्रेन पकडा, २०२१ पासून चालू झालीय, दोघं मिळून जा. कॅम्पसवर केनेथ डाइक लायब्ररी आहे, तिथे परवानगी काढून इतिहासाचे जुने प्रबंध बघायला मागा आणि मागच्या दहा वर्षांतले किती निघतात ते तिला मोजू द्या, हा आकडा तुम्हाला घरी बसून मिळाला नव्हता. मग विभागात जाऊन दोन प्राध्यापकांना भेटा. परत आल्यावर मला लिहा, आणि तिच्या संशोधनाचा आराखडा दोन पानांत तयार असेल तर तोही पाठवा, मी वाचून देईन.