गॅरेजमधली पेटी आणि पोस्टातले पंधरा लाख

गुहागर तालुक्यातल्या एका वाचकांचं सहा पानी पत्र आलं आहे, सोबत वहीच्या पानांचे फोटो. वय 57. माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहायक होते, नोव्हेंबर 2024 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. पेन्शन महिना 24 हजार. निवृत्तीच्या पैशातले 15 लाख लगेच डिसेंबरात पोस्टाच्या सीनिअर सिटिझन योजनेत ठेवले. बँकेत 4 लाखांची एफडी आहे, बचत खात्यात दोनेक लाख. मुंबईच्या मुलाची गाडी राहावी म्हणून घराला लागून गॅरेज बांधलं. गाडी येते गणपतीला आणि शिमग्याला. बाकी वर्षभर तिथे वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, सायकलच्या चाकावर फिरणारी नारळाची किसणी, पन्हळीचं पाणी गाळायचा एक ड्रम आणि कोकमं वाळवायची सोलर पेटी. या पेटीला वाडीत मागणी आहे म्हणून वेगळं वर्कशॉप बांधायचं, पत्रा वाकवायचं मशीन घ्यायचं, असा विचार आहे. अंदाज 6 लाखांचा. ते पैसे पोस्टातून काढावेत का, हा प्रश्न.

नमस्कार. तुम्ही पत्रात दोनदा ‘स्पष्ट लिहा’ म्हटलंय, म्हणून उत्तर आधी सांगतो. पोस्टातलं खातं मोडू नका आणि वर्कशॉप यंदा बांधू नका. पेट्या मात्र करा. सहा करा. त्या कशा करायच्या ते पुढे लिहितो.

पोस्टाचं आधी संपवू. या योजनेतून थोडे पैसे काढायची सोय नाही. 6 लाख हवे असले तरी 15 लाखांचं अख्खं खातं बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला एक वर्ष झालंय, दोन व्हायचीत, त्यामुळे मुद्दलातून दीड टक्का कापून घेतील. म्हणजे 22,500 रुपये काउंटरवरच गेले. आणि उरलेले 9 लाख परत तिथेच ठेवू म्हणाल तर आता प्रवेश नाही. साठीच्या आत तुम्हाला खातं उघडता आलं, कारण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. ती केव्हाच उलटली. आता वयाची साठ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. आज त्या खात्यातून दर तिमाहीला 30,750 रुपये येतात, तुम्ही उघडलंत तेव्हाच्या 8.2 टक्के दराने, आणि तो दर पाच वर्षं हलणार नाही. पेन्शन धरूनही नव्या करप्रणालीत तुम्हाला आयकर लागत नाही, म्हणजे सगळे हातात. (निवृत्त होऊ घातलेल्या इतर वाचकांनी एक करावं: एकच मोठं खातं न उघडता पाच-पाच लाखांची तीन उघडावीत. अडचण आली तर एकच मोडता येतं.)

आता तुमची वही. मी पंचवीस वर्षं लोकांचे हिशेब बघतोय, पण इतकी सुंदर वही क्वचित पाहिली. 2023 ची पहिली पेटी: जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची जाळी, तिसऱ्या दिवशी जाळीला लागलेली कोकमाची सोलं काळी पडली, शेजारी तुमची नोंद, ‘आंबट + मीठ, जस्त टिकणार नाही’. 2024 ची दुसरी: जाळी स्टेनलेस स्टीलची, सांगाडा जीआय पाइपचा. एका पावसाळ्यानंतर पाइप धड आणि प्रत्येक सांध्याला गंज. त्याचं कारणही तुम्हीच लिहिलंय, वेल्डिंगच्या आचेने सांध्यावरचं जस्त जळून जातं आणि खारा वारा नेमकी तीच जागा धरतो. 2025 ची तिसरी: अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन, वेल्डिंगच नाही, सगळं रिव्हेटने, वर छोट्या पॅनलवर चालणारा पंखा. दहा किलो साली, उघड्या खळ्यात सहा दिवस, पेटीत तीन. सोलांना रसाची पुटं देताना, म्हणजे ती पुन्हा पुन्हा रसात भिजवून वाळवताना, प्रत्येक वेळी वजन, तेही दहा ग्रॅमपर्यंत. बांगड्याचाही एक प्रयोग आहे, ज्यापुढे फक्त ‘वास जात नाही, सौ.चा आक्षेप’ एवढंच लिहिलंय. त्यावर मी काही बोलत नाही, वहिनींचं बरोबर आहे.

पण या वहीत रुपयांचं पान अर्धंच भरलेलं आहे. तुम्ही पेटीचा खर्च 11,000 धरलाय: अ‍ॅल्युमिनियम 3,600, पॉलिकार्बोनेट शीट 2,700, जाळी 2,400, पंखा आणि पॅनल 1,800, रिव्हेट-बिजागऱ्या 500. विक्री 16,000, म्हणजे पेटीमागे 5,000 सुटतात, वर्षाला चाळीस पेट्या, 2 लाख. कागदावर छान दिसतं.

तुमच्याच पत्रातून मी बाकीचं वेचून काढलं. कटिंग व्हील आणि मोडलेले ड्रिल बिट, 450. सिलिकॉन सीलंट आणि आतला काळा रंग, 700. माल आणायला चिपळूणच्या फेऱ्या आणि टेम्पो, पेटीमागे 900. कापाकापीत वाया गेलेलं अ‍ॅल्युमिनियम आणि शीट, 600. वीज, 150. विकलेल्या पेटीचा पंखा बंद पडला तर वाडीतला माणूस तुमच्याच दारात येणार, त्यासाठी 500 बाजूला. हे झाले 3,300. भाचा दोन दिवस मदतीला येतो, त्याला तुम्ही चहा-जेवण देता आणि ‘घरचाच आहे’ म्हणता. चाळीस पेट्यांना तो घरचा राहणार नाही. दिवसाचे 600 धरले तरी 1,200. एकूण 15,500.

सोळा हजारांच्या पेटीत सुटले 500 रुपये. तुमचे स्वतःचे पाच दिवस त्यात धरलेलेच नाहीत.

पोस्टातले 6 लाख आज काहीही न करता वर्षाला 49,200 देतात. तेवढंच व्याज परत मिळवायला या भावाने तुम्हाला 99 पेट्या कराव्या लागतील, आणि 6 लाख मुद्दल भरून येणं बाजूलाच. पेटी 16 हजारांना विकणं म्हणजे वाडीला दिलेली भेट आहे. भाव 21,000 तरी हवा. ‘एवढे कोण देणार?’ असं मनात आलं असेल तर तोच प्रश्न वर्कशॉप बांधायच्या आधी विचारायचा आहे.

मागणीबद्दल. तुम्ही लिहिता, अकरा जणांनी ‘आम्हालाही एक करून द्या’ म्हटलं. कधी म्हटलं, ती तारीख वहीत आहे: 2025 च्या मे महिन्याचा शेवटचा आठवडा. त्या वर्षी 25 मे लाच मान्सून तळकोकणात उतरला, त्याआधीही पाऊस कोसळतच होता, अर्धी कोकमं झाडावर आणि अर्धी खळ्यात भिजली. अशा आठवड्यात तुमच्या गॅरेजमध्ये सोलं सुकताना दिसली तर मीही पेटी मागितली असती. त्याच अकरा जणांना दिवाळीत विचारलंत का? आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीत नाही. ‘बघूया’ म्हणतात, ‘पुढच्या सीझनला नक्की’ म्हणतात. मी तर ‘नक्की’ला ‘बघूया’पेक्षाही कच्चं धरतो. अकरापैकी आगाऊ पैसे किती जणांनी दिले, याचा आकडा पत्रात नाही, म्हणजे तो शून्य असावा.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुमची तीन वर्षांची वही मी दोनदा वाचली. त्यात एकही वस्तू तुम्ही दुसऱ्यांदा केलेली नाही. दुसरी पेटी पहिलीसारखी नाही, तिसरी दुसरीसारखी नाही. किसणी एकदाच. ड्रम एकदाच, आणि चालायला लागल्यावर त्याबद्दल पुढे एक ओळ नाही. चौथ्या पेटीचं चित्र काढलेलं आहे, त्यात ट्रे उभे फिरतात. तुम्हाला आवडतं ते अडलेलं सोडवणं, आणि ते एकदा सुटलं की तुमचा हात तिथून उठतो. चाळीस पेट्यांचा धंदा म्हणजे एकच सुटलेली गोष्ट चाळीसदा करणं, त्याच भोकांत तेच रिव्हेट, आणि वर फोनवर ‘काका, कधी मिळणार?’. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की वहिनी विचारतात, ‘तुम्हाला धंदा करायचाय की गॅरेजमध्ये बसायचंय?’ हे तुम्ही गमतीने लिहिलंय. मला वाटतं सहा पानांतला मुख्य प्रश्न तोच आहे, आणि तो 6 लाख न घालता तपासता येतो.

पाडव्याआधी त्या अकरा जणांकडे जा. पेटी 21,000, निम्मे आगाऊ, एप्रिलच्या मध्याला हातात. सहाच ऑर्डर घ्या. सहा जणांचे 10,500 म्हणजे 63,000 येतील आणि सहा पेट्यांचा माल 66,000 चा आहे, म्हणजे भांडवल जवळजवळ गिऱ्हाइकाचंच. माल एकाच फेरीत आणा. सहाही पेट्या तिसऱ्या पेटीसारख्या, जराही फरक न करता. आणि वहीत या वेळी ग्रॅमबरोबर तास लिहा, पहिल्या पेटीला किती आणि सहाव्याला किती. सहा जण मिळालेच नाहीत तर मागणीचं कळलं. मिळाले, पण तिसऱ्या पेटीला तुमचा हात बिजागरी बदलायला शिवशिवू लागला, तर तेही कळलं. आणि सहाव्या पेटीचे तास पहिलीच्या निम्म्यावर आले, तुम्हाला कंटाळा आला नाही, तर मे संपल्यावर मला परत लिहा, वर्कशॉपचं बोलू. तेव्हाही पोस्टाला हात लावायचा नाही. एफडीवर कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, आणि एफडी जागेवर राहते.

पीएमईजीपीच्या, म्हणजे नवा छोटा उद्योग काढणाऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेच्या, अनुदानाचं विचारलंत. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के, विशेष गटांना 35 टक्के, अशी ती रचना. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, तीन वर्षं तुमच्या नावाने बाजूला पडून राहतं आणि युनिट चालू राहिलं तरच कर्जात वळतं होतं. अनुदान मिळतंय म्हणून धंदा मोठा काढणारे मी पुष्कळ पाहिलेत. सहा पेट्यांनंतर जिल्हा उद्योग केंद्रात जा, आधी नको.

विम्याचं दोन शब्दांत. मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला माझ्या ऑफिसात छातीएवढं पाणी होतं. इमारतीचा विमा होता, आतल्या सामानाचा नव्हता, आणि लोकांना विमा घ्या सांगणारा माणूस प्रिंटर आणि कपाटं स्वतःच्या पैशाने घेत बसला. तुमच्या घराची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, ती घराची आणि घरातल्या वस्तूंची. गॅरेजमधून विक्री सुरू झाली की मशिनरी आणि तयार माल त्यात धरून चालू नका, त्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी असते. आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेख नाही. नसेल तर बचत खात्यातल्या 2 लाखांचं पहिलं काम ते, दोघांचा मिळून. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं तरी हलकं झालंय.

आणि हौसेचं. पेन्शनमधून महिन्याला 4,000 एका वेगळ्या बचत खात्यात टाका, यूपीआय त्यालाच जोडा. त्यातून काय घेताय याचा हिशेब कुणाला द्यायचा नाही, मलाही नाही. उभे फिरणारे ट्रे त्यातून करा. फसले तर फसले. तुम्ही प्रत्येक खर्चापुढे ‘पुढे विकता येईल’ असं लिहून ठेवलंय, अगदी किसणीपुढेही. ते लिहायची गरज नाही. कुणी भजनी मंडळात पेटी-तबला घेतो, कुणी गळ टाकून दिवसभर जेटीवर बसतो, ते कुठे विकायचं म्हणतात?

कटऑफ मशीन घेऊ का, असं वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय. घ्या. सहा पेट्यांचं अ‍ॅल्युमिनियम हॅक्सॉने कापत बसलात तर तासांची नोंद खोटी येईल. फक्त शिमग्याला मुलगा गाडी घेऊन येईल तेव्हा ते पडवीत न्यावं लागेल, तर वजनाला हलकं बघा. बांगड्याची पेटी मात्र वेगळी करा, हौसेच्या खात्यातून, आणि वहिनींना विचारून जागा ठरवा.