वाचकांचे प्रश्न : बांधकाम परवानगी आणि शेजाऱ्याची हरकत

प्रश्न : गावठाणातील वडिलोपार्जित धाब्याचे घर पाडून तेथे पक्के घर बांधण्यासाठी मी ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आहे. शेजाऱ्यांनी हरकत घेतल्यामुळे, ‘त्यांची संमती आणा, मग पाहू,’ असे सचिव तोंडी सांगतात. काय करावे?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : गावाच्या हद्दीतील बांधकामास ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी लागते, ही तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे, मात्र परवानगी पंचायतीने द्यायची असते, शेजाऱ्याने नव्हे. हरकत कशाबद्दल आहे, हे आधी पाहा. आपल्या छपराचे पाणी त्यांच्या अंगणात पडणार असेल किंवा न्हाणीचे सांडपाणी त्यांच्या भिंतीलगत मुरणार असेल, तर ती रास्त आहे, आणि नकाशात पन्हळ व नाली दाखवून ती बहुधा मिटते. वाद हद्दीचा असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, कारण मालकी ठरवणे हे पंचायतीचे काम नाही. (नमुना ८ चा उतारा हा करआकारणीचा कागद आहे, अनेकजण त्यालाच मालकीपत्र समजतात.) स्वामित्व योजनेतील मिळकत पत्रिका (गावठाणातील मिळकतीच्या मालकीची नोंद दाखवणारा सरकारी कागद) मिळाली असल्यास ती अर्जास अवश्य जोडावी.

तोंडी उत्तरावर मात्र थांबू नये. अर्जाची पोच घ्यावी, तो मासिक सभेपुढे ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि ठरावाची प्रत मागावी. ती न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. त्यास ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.