आरआय (डॉप्लर सोनोग्राफीत मूत्रपिंडाच्या धमनीतल्या रक्ताच्या वेगांवरून काढलेला अवरोध निर्देशांक) ०.७० च्या वर गेला, तर मूत्रपिंडाला रक्त कमी पडते असे धरून सलाईन वाढवावे का?

निदान त्या एका आकड्यावर तरी मुळीच वाढवू नये. इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच मुद्द्यावर गोव्यातल्या एका अतिदक्षता विभागात माझा वरिष्ठांशी वाद झाला होता आणि माझ्या बाजूने तो अजून मिटलेला नाही.

जुलै महिना होता. सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, राबणारा चाळिशीचा माणूस लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) व्हेंटिलेटरवर होता. डोळे हळदीसारखे पिवळे, चोवीस तासांत लघवी जेमतेम २०० मिली. यंत्राच्या प्रत्येक श्वासागणिक मूत्रपिंड खाली सरके आणि डॉप्लरचा आलेख निसटे, म्हणून उच्छ्वासाच्या शेवटी काही सेकंद श्वास रोखून मी मोजणी केली. धमनीतला कमाल वेग सेकंदाला ३५ सेंटिमीटर, डायस्टोलच्या (हृदय सैल पडण्याच्या काळाच्या) अखेरीस ७; म्हणजे आरआय, दोन वेगांतला फरक भागिले कमाल वेग, ०.८०. सर म्हणाले, "किडनी तहानलेली आहे, आणखी एक लिटर सोडा." मी त्यांना त्याच पडद्यावर आधाररेषेखालचा मूत्रपिंडाच्या शिरेचा आलेख दाखवला. तो सलग असायला हवा होता. इथे तो केवळ डायस्टोलमध्ये उमटत होता आणि मध्ये कोरी जागा सुटत होती. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशीरही २.४ सेंटिमीटरपर्यंत फुगलेली होती. मूत्रपिंडातून रक्ताला बाहेर पडायलाच वाट नव्हती, आणि शिरेतला दाब वाढला की डायस्टोलमधला धमनीप्रवाह घटून आरआय चढतो. सरांनी नकारार्थी मान हलवली आणि लिटर गेलेच. पहाटेपर्यंत व्हेंटिलेटरमधून दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांवरून ९० वर न्यावा लागला. पुढे डायलिसिसवर पाणी काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी वेग ३६ आणि १२ आले, आरआय ०.६७ झाला आणि शिरेचा आलेख सांधला गेला.

आरआय हे दोन वेगांचे गुणोत्तर आहे. मिनिटाला किती मिलीलिटर रक्त गेले, हे त्यातून कळत नाही. उतारवय, कडक झालेल्या धमन्या, मंद नाडी, पोटातला वाढलेला दाब, यांपैकी कशानेही तो चढतो. म्हणून ईसीजीची तार लावून शिरेचा आलेख पाहावाच, आणि डॉप्लर यंत्रावरची वेगाची पट्टी व फिल्टर दोन्ही कमी ठेवावे, नाहीतर संथ प्रवाह पडद्यावर येतच नाही. यकृताच्या व पोर्टल (आतड्यांकडून यकृतात येणाऱ्या) शिरा जोडीला घेऊन शिरांत रक्त किती तुंबले ते ठरवणारी व्हेक्सस पद्धत २०२० मध्ये मांडली गेली, पण ती हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरून. ती लेप्टोला डोळे झाकून लावू नये.

एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरे. लेप्टोत फुप्फुसांत रक्तस्राव होतो, त्यामुळे सारा दोष त्या लिटरचाच असे मला म्हणता येणार नाही. उलट्यांनी सुकलेल्या रुग्णाला सलाईन द्यावेच लागते, यालाही पहिल्या दिवशी लागलेच होते. शिवाय प्रोब जोराने दाबला तरी आरआय वाढतो, तेव्हा आधी स्वतःचा हात सैल करून पाहावा. त्या दिवशीचा ०.८० मात्र मी हात सैल ठेवून, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा मोजला होता.