फ्लॅट मुलांचा, राहण्याचा हक्क पत्नीचा

प्रश्न : माझं वय ४६, राहणार नाशिक. पहिली पत्नी पाच वर्षांपूर्वी वारली. तिच्यापासून मुलगा १४ वर्षांचा आणि मुलगी ९ वर्षांची. गेल्या वर्षी दुसरं लग्न केलं. पत्नी घटस्फोटित असून तिची ११ वर्षांची मुलगी आमच्याकडेच असते. आईही सोबत आहे. फ्लॅट मी आणि पहिल्या पत्नीने निम्मा-निम्मा घेतला होता. सोसायटीत दोन्ही मुलांना नॉमिनी केलं आहे. तरी मृत्युपत्र लागेल का?

उत्तर : लागेल, आणि ते लांबणीवर टाकू नका. नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते. मालकी वारसांकडेच जाते.

आधी तुमचं नेमकं किती आहे ते मोजा. पहिल्या पत्नीने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिचा अर्धा हिस्सा हिंदू वारसा कायद्याने तुम्ही आणि दोन मुलं अशा तिघांत सारखा वाटला गेला आहे. म्हणजे आज फ्लॅट दोन-तृतीयांश तुमचा आणि एक-षष्ठांश प्रत्येक मुलाचा. "संपूर्ण फ्लॅट माझा" असं मृत्युपत्रात लिहिलंत तर भांडणाची सुरुवात तिथूनच होईल. पहिल्या पत्नीचे दागिनेही असेच तुम्हा तिघांत सारखे वाटले गेले आहेत.

मृत्युपत्राविना तुम्ही गेलात, तर तुमच्या दोन-तृतीयांशाचे आई, पत्नी आणि दोन मुलं असे चार सारखे वाटे होतील. पत्नीला मिळालेला वाटा तिच्या पश्चात तिच्या मुलीकडे जाईल, तुमच्या मुलांकडे येणार नाही. यात तिचा काहीच दोष नाही, कायद्याचा क्रमच तसा आहे.

पत्नीला बेघर करायचं नसेल आणि घर मुलांकडेच राहावं असं वाटत असेल, तर बरेच जण "पत्नीला हयातभर फ्लॅट, नंतर मुलांना" असं लिहितात. हे वाक्य धोक्याचं आहे. पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मर्यादित मालकी हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४(१) खाली पूर्ण मालकी होते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आहे. मृत्युपत्राने मर्यादित हक्क दिला तर कलम १४(२) लागून तो मर्यादितच राहतो की नाही, यावर वाद झडत राहतात. म्हणून मालकी आणि राहणं वेगळं करा : "फ्लॅटमधील माझ्या हिश्शाची मालकी माझ्या मृत्यूच्या क्षणापासून मुलगा व मुलगी यांची समसमान राहील. पत्नीस तेथे हयातभर राहता येईल. विकण्याचा, गहाण टाकण्याचा वा भाड्याने देण्याचा अधिकार राहणार नाही." त्याचबरोबर तिच्या उदरनिर्वाहासाठी ठेवी किंवा रक्कम पूर्ण मालकीने द्या आणि ती पोटगीच्या हक्कापोटी आहे असं स्पष्ट लिहा. या तरतुदीत हात आखडता घेऊ नका. तिला हे पुरेसं वाटलं, तर मृत्युपत्रावरून वाद होण्याची शक्यता कमी.

मुलं अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील आहेत. कायद्याने सावत्र आई त्यांची नैसर्गिक पालक नाही, त्यामुळे मृत्युपत्रात पालकाचं नाव घाला. मालमत्ता वाटणारा व्यवस्थापक वेगळा नेमा आणि त्याच्या पश्चात कोण, तेही लिहा. मुलांच्या नावची स्थावर मालमत्ता पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे मुलांच्या पथ्यावरच पडतं.

विम्याकडेही पाहा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, अशी तरतूद आहे. पॉलिसीवर जे नाव आहे त्याने मृत्युपत्रातली वाटणी फिरू शकते.

मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, साधा कागद चालतो. प्रत्येक पानावर सही करा. दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करावी. ते वयाने तुमच्यापेक्षा लहान असावेत, कारण पुढे न्यायालयात सही शाबीत करायला त्यांच्यापैकी एक तरी हयात असलेला बरा. लाभार्थीला साक्षीदार करू नका, संशयाला वाव राहतो. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच. तुमची मानसिक स्थिती ठीक असल्याचा त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

प्रश्न : सावत्र मुलीलाही काही द्यायचं आहे. "माझी सर्व मुलं" एवढं लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही. सावत्र मुलगी तुमची कायदेशीर वारस नाही आणि "मुलं" या शब्दात ती धरली जाणार नाही. तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, "पत्नीची पहिल्या विवाहातील मुलगी" हे नातं आणि द्यायची नेमकी रक्कम किंवा ठेव लिहा. पत्नीलाही स्वतःचं मृत्युपत्र करायला सांगा. मात्र ते ती केव्हाही बदलू शकते, म्हणून मुलांचा वाटा तिच्या मृत्युपत्राच्या भरवशावर सोडू नका.